एका इंचातलं कापड

कापडाच्या दुकानात उभं राहिलं की एक प्रश्न हमखास कानावर येतो: ‘प्युअर कॉटन आहे ना?’ उत्तरही ठरलेलं असतं, ‘हंड्रेड पर्सेंट, ताई.’ तेवढ्यावर तागा उलगडतो आणि मीटर मोजले जातात.

मलमल शंभर टक्के कापसाची असते. जीनचं जाड कापडही शंभर टक्के कापसाचं असतं. बाळाचं लंगोट, शाळेच्या हाफपँटचं खाकी ड्रिल, परकराचं पॉपलिन, पिशवीचा कॅनव्हास, आंघोळीचा टॉवेल, बनियन, सगळ्यांच्या मुळाशी तेच बोंड. तरी कॅनव्हासचं लंगोट कुणी शिवत नाही आणि मलमलीची विजार आठवडाभर टिकणार नाही. म्हणजे कापूस आहे एवढं कळलं, तरी कापडाबद्दल फार थोडं कळलेलं असतं. कापड कशाचं आहे हे आपण विचारतो, कसं केलंय हे विचारत नाही. अंगावर जे जाणवतं, म्हणजे गारवा, सळसळ, जडपणा, झिरझिरीतपणा, धुतल्यावर आकसणं, त्यातलं बरंचसं या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात असतं. हा प्रश्न आपल्या बोलण्यातून हळूहळू गेला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मी इचलकरंजीची. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग सुरू केला, जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपड्यांनी त्यांना पाठबळ दिलं, आणि पंचगंगेकाठचं ते गाव पुढे मागांचं शहर झालं. शेजारणींच्या गप्पांतसुद्धा कांडी, धोटा, वहिफणी, बीम, सायझिंग हे शब्द यायचे. कुणाच्या घरी कांड्या भरायचं, म्हणजे सूत छोट्या नळ्यांवर गुंडाळायचं काम, कुणाचा मुलगा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, कुणाचे चार माग खर्चीवर, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं आणि मजुरी आपली. तिथे कापडाची चौकशी करताना कुणी ‘कॉटन आहे का’ असं विचारत नसे. ‘काउंट काय? पीक किती?’ असं विचारत.

पीक म्हणजे एका इंचात बाण्याचे किती धागे बसलेत तो आकडा. मागावर उभे, बीमवरून म्हणजे सूत गुंडाळलेल्या मोठ्या रुळावरून येणारे धागे म्हणजे ताणा. धोटा म्हणजे कांडी पोटात घेऊन मागावर इकडून तिकडे पळणारी होडी; त्यातून आडवा जाणारा तो बाणा. धोटा एकदा या टोकाचा त्या टोकाला गेला की एक पीक पडलं. विणकराची मजुरी मीटरवर मिळते आणि मीटरचा दर पिकावर ठरतो, कारण पीक म्हणजे वेळ. ५२ पिकांचं कापड असेल तर एका मीटरमध्ये धोट्याच्या साधारण २,०५० फेऱ्या होतात. ७२ पिकांचं असेल तर २,८०० च्या वर. मिनिटाला दीडशे फेऱ्या मारणारा माग धरला, तर पहिल्या कापडाचा मीटर चौदा मिनिटांत उतरतो, दुसऱ्याचा एकोणीस. तेही मध्ये तार तुटली नाही आणि कांडी संपली नाही तर. दोन कापडं शेजारी ठेवली तर बघणाऱ्याला सारखीच वाटतील, पण एकात कुणाची तरी पाच मिनिटं दर मीटरला जास्त गेलेली आहेत.

माझे थोरले काका एका व्यापाऱ्याकडे कोरं, म्हणजे मागावरून नुकतंच उतरलेलं कापड तपासायला होते. त्यांच्या खिशात एक घडीचं पितळी भिंग असायचं. उघडलं की खाली बरोब्बर एक इंच लांब-रुंद चौकट आणि वर काच. भिंग कापडावर ठेवायचं, डोळा काचेशी न्यायचा आणि सुईच्या टोकाने एकेक धागा मोजत सरकायचं. काचेतून पाहिलं की सपाट वाटणारं कापड अचानक खोल होतं. धागे गोल दिसतात, एकावरून चढताना आणि दुसऱ्याखाली उतरताना वाकलेले दिसतात, मध्ये मध्ये चौकोनी भोकं दिसतात, त्यातून खालच्या टेबलाचा रंग दिसतो. एखादा धागा पुढे जाड होतो, मग बारीक. त्याच्या अंगावर तंतूंची लव असते.

‘काका, मोजायचं कशाला? हाताला पातळ लागतंय की,’ मी म्हणायची.

‘हाताला पातळ लागतंय, पण कशानं पातळ? सूत बारीक आहे म्हणून, का पीक कमी घेतलंय म्हणून? सूत बारीक असंल तर ते भारी कापड. पीक कमी असंल तर ते चाळण. मोज.’

त्यांनी शिकवलेली कापडाची कुंडली एका ओळीत मावते: ४० × ४० / १३३ × ७२. पहिला आकडा ताण्याच्या सुताचा काउंट, दुसरा बाण्याच्या सुताचा. पुढचे दोन म्हणजे इंचात ताण्याचे किती धागे आणि बाण्याचे किती. एवढं सांगितलं की जाणकाराला कापड न बघता हातात आल्यासारखं होतं. हे पॉपलिन आहे.

काउंटचा आकडा मात्र उलटा चालतो. जितका मोठा, तितकं सूत बारीक. ८४० यार्डांची एक लड धरायची आणि एका पौंडात अशा किती लडी बसतात ते मोजायचं. चाळीस बसल्या तर चाळीस काउंट. इंग्रज गेले, पौंड आणि यार्ड बाजारातून गेले, सुताच्या व्यवहारात मात्र ते अजून मुक्कामाला आहेत. आपल्या मापात सांगायचं तर ४० काउंटच्या एक ग्रॅम सुतात सुमारे ६८ मीटर धागा असतो. साठ काउंटच्या एक ग्रॅममध्ये शंभर मीटरच्या वर. रेशमाचं आणि पॉलिएस्टरसारख्या अखंड धाग्यांचं माप डेनियरमध्ये, आणि ते सरळ चालतं: ९,००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. तिथे आकडा वाढला की धागा जाड.

या चार आकड्यांतून वजनही काढता येतं आणि मला ते गणित फार आवडतं. इंचातले दोन्हीकडचे धागे मिळवायचे, काउंटने भागायचं आणि सव्वातेवीसने गुणायचं. १३३ अधिक ७२ म्हणजे २०५, भागिले ४०, गुणिले २३.२५, उत्तर येतं ११९. चौरस मीटरला एवढे ग्रॅम. धागे वरखाली वाकलेले असल्यामुळे प्रत्यक्षात थोडे जास्त भरतात. आता दुसरं कापड घेऊ, ६० × ६० / ९२ × ८८. हे कॅम्ब्रिक. त्याचं वजन निघतं ७० ग्रॅमच्या आसपास. उन्हाळ्यात कॅम्ब्रिकचा कुर्ता अंगावर आहे की नाही इतका हलका का वाटतो आणि पॉपलिनचा परकर साडीचं वजन का पेलतो, हे या दोन ओळींतच लिहिलेलं आहे.

पॉपलिनमध्ये आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. सूत दोन्हीकडे सारखंच, पण ताण्याचे धागे बाण्याच्या जवळजवळ दुप्पट. ताणा इतका दाट झाल्यामुळे बाणा आत दडतो आणि कापडावर आडव्या, अतिशय बारीक रेघा उमटतात. नखाच्या टोकाने उभं खरवडलं तर त्या जाणवतात. कॅम्ब्रिकमध्ये ९२ आणि ८८ म्हणजे जवळपास बरोबरी, म्हणून ते सगळीकडून सारखं गुळगुळीत.

पॉपलिन घ्यायला गेलं की दुकानदार पन्ह्याच्या एका काठाला कात्रीने छोटा काप देतो आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडतो. लहानपणी मला तो आवाज हवाहवासा वाटायचा. त्यामागे कापडाचं ज्ञान आहे. फाडलेलं कापड बाण्याच्या एकाच धाग्याला धरून फाटत जातं, त्यामुळे कड अगदी काटकोनात येते. कात्रीने कापलेली कड डोळ्याला सरळ दिसते, पण ती धाग्याला धरून असेलच असं नाही. मग शिवलेला परकर दोन धुण्यांत एका बाजूला ओढला जातो. फाडणं जमतं ते मात्र साध्या विणीच्या कापडावर. एक वर, एक खाली, एक वर, एक खाली, अशा विणीत प्रत्येक धागा आपल्या जागी घट्ट अडकलेला असतो, त्याला शेजाऱ्याकडे सरकता येत नाही. जोर आला की तो एकटा झेलतो आणि एकटा तुटतो, मग पुढचा. जीनच्या कापडावर हा प्रयोग करून बघा. तिथे धागे मोकळे असतात, सरकून एकत्र येतात आणि दोघं-तिघं मिळून जोर धरतात. मग हात दुखतो, कापड फाटत नाही.

ही साधी वीण फार मोठ्या कुटुंबाची आई आहे. मांजरपाट, लठ्ठा, कॅम्ब्रिक, पॉपलिन, मलमल, वॉइल, रुबिया, कॅनव्हास, धोतर, बहुतेक खादी, शिवाय शिफॉन, जॉर्जेट, ऑर्गंझा, टॅफेटा, हे सगळं साध्याच विणीचं. ज्यांना हे पहिल्यांदा कळतं त्यांचा विश्वास बसत नाही. कॅनव्हास आणि शिफॉन एकाच विणीचे? हो. मग फरक कुठे? सुताच्या जाडीत, दाटीत आणि पिळात.

पिळाबद्दल फार कमी बोललं जातं. कापडाच्या कडेचा एक धागा ओढून काढा, दोन्ही टोकं चिमटीत धरा आणि उलगडेल त्या दिशेने फिरवत राहा. मलमलीचा धागा थोड्याच फेऱ्यांत सैल होऊन तंतू मोकळे होतील. वॉइलचा धागा कितीतरी वेळ फिरवत राहावा लागेल. दोन्ही कापडं पातळ, दोन्हींतून पलीकडचं दिसतं, पण मलमल अंगाला चिकटून मऊ पडते आणि वॉइल जरा ताठ, कुरकुरीत राहतं. याचं कारण तो जादा पीळ. जॉर्जेटमध्ये हेच टोकाला नेलेलं असतं. तिथे भरपूर पीळ दिलेले धागे वापरतात, काही उजव्या अंगाने पिळलेले आणि काही डाव्या, आलटून पालटून. कापड भिजलं की प्रत्येक धागा आपापल्या दिशेने उलगडू बघतो, शेजारी त्याला अडवतो, आणि त्या झटापटीतून जॉर्जेटची ती खरखरीत, अंगावर ओघळणारी कांती तयार होते. तिथे छापलेलं, चिकटवलेलं काही नाही. पिळाचा ताण आहे फक्त.

आणि रुबिया. ब्लाउजचं कापड घेताना ‘टू बाय टू दाखवा’ असं सगळ्या बायका म्हणतात. माझी आई म्हणायची, मीही म्हणते. त्यातला पहिला ‘टू’ ताण्याचा आणि दुसरा बाण्याचा: दोन्हीकडचा प्रत्येक धागा दोन बारीक धागे एकत्र पिळून केलेला. दुहेरी पिळल्याने एकाची बारीक जागा दुसऱ्याच्या जाड जागेशी भरून निघते, सूत एकसारखं होतं, लव कमी होते आणि ताकद वाढते. ब्लाउजला काखेत, बाहीत, हुकांच्या पट्टीला जी ओढ बसते ती साध्या वॉइलला झेपत नाही, रुबियाला झेपते. इतकं पातळ असूनही. आपल्या आज्यांनी आणि आयांनी कुठलंही पुस्तक न वाचता हे कापड त्या कामासाठी निवडलं, आणि मला त्या निवडीचा अभिमान वाटतो.

तिरप्या रेघेचं कापड दिसलं की ते ट्विल. बाण्याचा धागा दर ओळीला एक घर पुढे सरकतो, म्हणून तिरपी रेघ. खाकी ड्रिल, गॅबर्डीन, चिनोज, डेनिम ही सगळी त्याच घरची. डेनिममध्ये ताणा निळीत रंगवलेला आणि बाणा पांढरा. ताणा तीन धाग्यांवरून जातो आणि एकाखालून, म्हणून वरून निळं दिसतं आणि पाय दुमडला की आतून पांढरट. निळीचा रंग सुताच्या बाहेरच्या थरावरच बसतो, गाभ्यापर्यंत पोचत नाही. गुडघ्यावर घासून घासून तो थर झिजतो आणि आतलं पांढरं सूत वर येतं. जीन जुनी होत जाते ती अशी.

साटीन ही तिसरी वीण. ताण्याचे धागे चार-चार, सात-सात घरं न अडकता वरून तरंगत जातात, त्यामुळे प्रकाश अखंड परत येतो आणि चमक दिसते. साटीन म्हणजे रेशीम हा समज मात्र दुकानदारांनी मुद्दाम जोपासलेला आहे. साटीन ही वीण आहे. ती रेशमाची असते, कापसाची असते आणि बाजारात सर्वात जास्त असते ती पॉलिएस्टरची. तरंगते धागे बांगडीत अडकतात आणि ओढले जातात. रोजच्या वापराला हे कापड घेऊ नये असं माझं मत आहे.

विणीची करामत मला सर्वात जवळून बघायला मिळाली ती सोलापुरात, टॉवेलच्या मागावर. नात्यातल्या एका घराशेजारी कारखाना होता. विणकर पद्मशाली, आपसात तेलुगू बोलणारे, आमच्याशी मराठी. मी दाराशी रेंगाळले तेव्हा एक वयस्क काका म्हणाले, ‘आत ये बाई, लांबून काय दिसणार?’

टॉवेलच्या मागाला दोन बीम असतात. एक ताणा ताठ, दुसरा सैल. पहिला बाणा टाकला की त्याला ठोकून बसवणारी फणी पुढे येते, पण पूर्ण येत नाही. आधीच्या कापडापासून थोडं अंतर राखून थांबते. दुसऱ्या बाण्यालाही तसंच. तिसरा बाणा पडला की फणी या वेळी पूर्ण पुढे येते आणि तिन्ही बाणे एकत्र ढकलत कापडाला भिडवते. ते तिघं ताठ ताण्यावरून घसरत पुढे येतात, पण सैल ताण्याला आपल्या विळख्यात धरून आणतात. तेवढ्या अंतरातल्या सैल धाग्याला जायला जागा नसते, तो वर उसळतो आणि त्याचा फास तयार होतो. एक वरच्या बाजूला, एक खालच्या. ठक, ठक, धाड. ठक, ठक, धाड. प्रत्येक ‘धाड’ला फासांची एक आख्खी ओळ उगवायची. काकांनी माग थांबवला, माझं बोट त्या ओळीवरून फिरवलं आणि पुन्हा सुरू केला.

अंग पुसताना पाणी शोषतात ते हे फास. प्रत्येक फास म्हणजे सुताची जादा लांबी, पाण्याला जादा जागा. फास उंच आणि दाट असतील तर टॉवेल जड लागतो, जास्त पाणी पितो आणि वाळायलाही जास्त वेळ घेतो. पावसाळ्यात कोकणात जाड टॉवेल भेट देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. तिथे पंचाच बरा. सोलापूरच्या टेरी टॉवेलला आणि चादरीला दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. तिथल्या चादरीची नक्षी जॅकार्डवर, म्हणजे ताण्याचे धागे नक्षीप्रमाणे उचलणाऱ्या मागावरच्या यंत्रणेवर होते, आणि चादर उलटली की तीच नक्षी उलट्या रंगात दिसते.

आता एक वेगळं घराणं. बनियन, टी-शर्ट, लेगिंग यांत ताणाही नसतो आणि बाणाही नसतो. एकाच धाग्याचे फासात फास गुंतवत नेलेले असतात. दुकानात त्याला होजिअरी म्हणतात आणि देशातलं त्याचं मोठं गाव तिरुपूर. फास आकार बदलू शकतो, म्हणून हे कापड ताणलं जातं आणि परत येतं; मागावर विणलेलं कापड धाग्याच्या दिशेने सरळ ओढलं तर फारसं ताणत नाही. पण तेच मागावरचं कापड तिरपं धरून ओढा, कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे. चौकोन कलतात आणि कापड लांबतं. चांगला टेलर गळ्याची पट्टी ‘क्रॉस’मध्ये कापतो ती यासाठी. कापड वाचवायला सरळ पट्टी कापली की गळा उभा राहतो, सुरकुततो.

मागावरून उतरलेलं कापड अजून अर्धवट असतं. ताणा मागावर घासून तुटू नये म्हणून त्याला सायझिंगमध्ये खळ दिलेली असते, ती आधी काढावी लागते. इचलकरंजीतलं बरंच कोरं कापड धुलाई, ब्लीच आणि रंगाईसाठी राजस्थानात पाली-बालोतऱ्याला जाऊन येतं. या टप्प्यावर कापडाचं भलंही होतं आणि फसवणूकही. भलं म्हणजे मर्सराईज करणं. जॉन मर्सर या इंग्रजाने १८४४ च्या सुमारास कॉस्टिक सोड्याचा कापसावरचा परिणाम शोधला. त्या द्रावात कापसाचा चपटा, पिळवटलेला तंतू फुगून गोल होतो. पुढे ताणून धरून हीच प्रक्रिया करायला लागले तशी चमकही येऊ लागली. मर्सराईज केलेलं सूत रंग जास्त पितं. दुसरं भलं म्हणजे सॅनफोराइझ करणं. मागावर सतत ताणात राहिलेला धागा पाणी लागलं की मूळ लांबीवर येऊ बघतो, म्हणून नवं कापड आटतं, उभ्यात जास्त. सॅनफर्ड क्लुएट यांनी १९३० च्या सुमारास कापड यंत्रातच आधी दाबून आटवून घ्यायची युक्ती काढली आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली गेली. गिरणीच्या कापडाच्या काठावर हा शब्द छापलेला असायचा. अस्तर मात्र अजूनही न आटवलेलंच मिळतं. म्हणून शिंपीणबाई पहिला प्रश्न विचारतात, ‘अस्तर भिजवून आणलंय ना, वहिनी?’

फसवणूक म्हणजे भरपूर खळ. पीक कमी घेतलेल्या विरळ कापडाला तयार करताना खळीचा जाड थर दिला की ते दाट आणि भरीव वाटतं. पहिल्या धुण्यात खळ निघून जाते आणि हातात चाळण उरते. यावर उपाय साधा आहे. दुकानातच कापडाचा कोपरा दोन्ही हातांत धरून चुरगाळावा, कपडे धुताना घासतो तसा. पांढरी भुकटी पडली किंवा चोळलेला भाग बाकीच्यापेक्षा विरळ दिसला की तागा परत द्यावा. मग उजेडासमोर धरावा. काका म्हणायचे, कापड आधी उजेडात बघायचं, मग हातात घ्यायचं.

धागा कशाचा याला महत्त्व नाही असं मला म्हणायचं नाही. कापूस घाम शोषतो, पॉलिएस्टर जवळजवळ नाही. मे महिन्यात हा फरक जीवघेणा असतो. पण पॉलिएस्टरची दुसरी बाजूही आहे. १९४१ मध्ये मँचेस्टरच्या व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी टेरिलीन हे पॉलिएस्टर शोधलं. पुढे ६७ टक्के ते आणि ३३ टक्के कापूस अशा मिश्रणाचं टेरिकॉट आपल्याकडे आलं आणि लोकांनी हौसेने घेतलं. त्याला इस्त्री लागत नव्हती, ते आटत नव्हतं, विटत नव्हतं. सकाळी एकच शर्ट धुऊन संध्याकाळी तोच घालणाऱ्या माणसाला त्याने दिलेला दिलासा खरा होता. माझ्या वडिलांचा टेरिकॉटचा शर्ट त्यांच्या मागेही धडका राहिला. आणि रेयॉन. ते मूळ लाकडाच्या लगद्यातून येतं, म्हणून गार आणि सुळसुळीत लागतं, पण भिजलं की त्याची ताकद बरीच कमी होते. रेयॉनचा कुर्ता पिळू नये, तसाच निथळत घालावा. शंका आली तर चार धागे काढून काडीने जाळावेत. कापूस आणि रेयॉन कागदाच्या वासाने जळून मऊ राख होतात, रेशीम आणि लोकर जळक्या केसांच्या वासाने, आणि पॉलिएस्टर वितळून कडक काळा मणी होतं.

हल्ली चादरींवर ‘१००० थ्रेड काउंट’ असं ठळक छापलेलं दिसतं. भिंगातून कापड बघितलेल्या कुणालाही हा आकडा अडेल. थ्रेड काउंट म्हणजे एका चौरस इंचातले ताण्याचे आणि बाण्याचे धागे मिळून. आपलं ते पॉपलिन घ्या, १३३ आणि ७२ मिळून २०५ होतात आणि ते चांगलं दाट कापड आहे. हजार भरवायला एकेका दिशेला इंचात पाचशे धागे बसवावे लागतील. ते बसत नाहीत, म्हणून तीन-चार पदरांचा एक धागा घेतात आणि प्रत्येक पदर वेगळा मोजतात. आकडा चौपट होतो, कापड मात्र जड होतं आणि हवा कमी खेळते. तीनशे-चारशेच्या घरातली, चांगल्या एकेरी सुताची चादर झोपायला कितीतरी सुखाची, आणि स्वस्तही. हा प्रकार मला सरळसरळ अप्रामाणिक वाटतो. मजुराच्या एका पिकाचा हिशेब काटेकोर ठेवणाऱ्या धंद्यात गिऱ्हाइकाला सांगायचा आकडा असा फुगवलेला असावा, हे पटत नाही.

कापडाचा काठ बघण्याची सवय मला अजून आहे. धोट्याच्या मागावर बाण्याचा धागा अखंड असतो. तो टोकाला जाऊन वळतो आणि परत येतो, म्हणून काठ बंद, गुळगुळीत. आता धोटा नसलेले एअरजेट, रेपियर माग आले आहेत. ते प्रत्येक बाणा वेगळा फेकतात आणि टोकाला कापतात, म्हणून काठाला झालर दिसते. त्यांचा वेग कितीतरी पट आहे, पन्हा मोठा निघतो, दोष कमी असतात. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण याच सुमारास परदेशात बंद काठाची डेनिम खास म्हणून चढ्या भावाने विकली जाते. ती धोट्याच्या जुन्या, सावकाश चालणाऱ्या मागांवर विणतात, आणि पायाची घडी उलटून तो काठ मुद्दाम दाखवतात. इचलकरंजीत, मालेगावात, भिवंडीत धोट्याचे माग भंगारात किलोच्या भावाने गेले, अजून जातात. त्या मागांवरच्या कापडाला कुणी चांगलं सूत दिलं असतं, चांगली प्रक्रिया दिली असती आणि त्याच्या काठाकडे बघायला गिऱ्हाइकाला शिकवलं असतं, तर त्यातले काही माग आज चालू असते असं मला वाटतं. आमच्याकडच्या विणकरांना ते जमलं नसतं असं मी मानायला तयार नाही.

मी दुकानात आता दोनच प्रश्न विचारते, काउंट काय आणि पीक किती. तरुण विक्रेते गोंधळतात. जुना माणूस गल्ल्यावर असेल तर तो उठून येतो, मागच्या फडताळातले दोन तागे काढतो आणि म्हणतो, ‘हे साठ-साठ, ब्याण्णव-अठ्ठ्याऐंशी. हे घ्या.’ मग भाव सांगतो, आणि तो भाव जास्त का आहे तेही न विचारता सांगतो. कपड्याच्या चिठ्ठीवर धुण्याच्या खुणा असतात, देशाचं नाव असतं, टक्केवारी असते. त्यातच हे चार आकडे छापावेत अशी माझी मागणी आहे. तयार कपड्याच्या चिठ्ठीवर आणि ताग्याच्या काठावर, दोन्हीकडे. जिथे पूर्वी गिरणीचं नाव मावत होतं, तिथे ४० × ४० / १३३ × ७२ मावतं.